तागाच्या लॅमिनेटला वारंवार फोड येणे, थर सुटणे : पाणी नेमके कुठून शिरते ते शोधण्याची पद्धत

ताग, घायपात, जवस किंवा केळीच्या तंतूंचे कापड आणि इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिन (आधी द्रव, मग कडक होणारे प्लॅस्टिक) वापरून थरांची पाटी, म्हणजे लॅमिनेट, बनवली. साच्यातून निघाली तेव्हा ठीक दिसत होती. काही दिवसांनी पृष्ठभागावर बारीक फोड आले, कडा फुगल्या, उन्हात धरल्यावर धाग्यांच्या रेषा पांढऱ्या दिसू लागल्या आणि शेवटी दोन थरांमध्ये नख शिरेल इतकी फट पडली. मग रेझिन बदलले, ते कडक करणारा हार्डनर वाढवला, तरी पुढच्या पाटीचे तेच.

या दोषात रेझिनवर संशय सर्वांत आधी जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. मूळ कारण पाणी असते. मात्र ते तीन वेगवेगळ्या वेळी आत येऊ शकते: रेझिन लावण्याआधीच तंतूत असलेले, साच्यात काम चालू असताना अडकलेले आणि पाटी तयार झाल्यावर कडांमधून शोषलेले. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. चुकीच्या वेळेवर उपाय केला तर मेहनत जाते आणि दोष तसाच राहतो.

दोष कधी दिसला?

उपाय सुरू करण्याआधी हे कागदावर लिहा. रेझिन लावतानाच फेसासारखे बुडबुडे येत राहिले आणि रोलर फिरवूनही थांबले नाहीत, तर तंतू ओले आहेत किंवा कापडावर तेल आहे. चोवीस तासांनंतरही पाटी आतून मऊ किंवा चिकट लागते, तर तंतूतल्या पाण्याने रेझिनची क्रिया बिघडवली आहे किंवा मिश्रणाचे प्रमाण चुकले आहे. पाटी कडक आहे, पण नाण्याने टकटक केल्यावर काही ठिकाणी खणखणीत आणि काही ठिकाणी बद्द आवाज येतो, तर त्या बद्द जागी थर चिकटलेलेच नाहीत. आणि सगळे नीट असताना काही आठवड्यांनी दोष फक्त कडांपासून किंवा भोकांपासून आत सरकत गेला, तर पाणी नंतर शिरले आहे. तसे असेल तर थेट कडांच्या भागाकडे जा.

नाण्याची टकटक प्रत्येक पाटीवर करा. पाच-पाच सेंटीमीटरची चौकट आखून, बद्द जागांवर पेन्सिलीने खूण करून ठेवली की पुढच्या पाटीशी तुलना करता येते.

कोरडे दिसणारे कापड कोरडे नसते

वनस्पती तंतूंचा मुख्य घटक सेल्युलोज. त्याच्या रेणूवरचे हायड्रॉक्सिल गट हवेतली वाफ धरून ठेवतात. तंतूतला दुसरा घटक, हेमिसेल्युलोज, तर त्याहून जास्त पाणी ओढतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर तागात कोरड्या वजनाच्या साधारण १२ ते १४ टक्के पाणी असते. म्हणजे एक किलो तागामागे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पाणी, आणि कापड हाताला पूर्ण कोरडे लागते. एक ग्रॅम पाण्याची १०० अंश सेल्सिअसला, साध्या दाबाखाली, सुमारे १.७ लिटर वाफ होते. रेझिन घट्ट होताना तापते. त्या उष्णतेने आतले पाणी प्रसरण पावते आणि जागा शोधते. ती जागा म्हणजे फोड.

काचतंतूंवर काम केलेल्यांची गल्लत इथेच होते. काचेच्या कापडाचा गठ्ठा उघडून थेट साच्यात घालता येतो. तागाला तसे चालत नाही.

अंदाजावर राहू नका, वजन करा. कापडाचा १० × १० सेंटीमीटरचा तुकडा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवा. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये एक तास ठेवून लगेच पुन्हा तोला. मग दर अर्ध्या तासाने, वजन स्थिर होईपर्यंत. प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅमच्या कापडाचा तुकडा ३.३६ ग्रॅम भरला आणि वाळल्यावर ३.०० ग्रॅमवर थांबला, तर ०.३६ भागिले ३.००, म्हणजे १२ टक्के ओल होती. हाताने थर लावण्यासाठी ती २ टक्क्यांखाली आणा. व्हॅक्यूममध्ये (पंपाने हवा काढलेल्या बंद बॅगेत) काम करायचे असेल किंवा पाटी ५ मिलिमीटरहून जाड असेल तर १ टक्क्याखाली.

वाळवताना कापड एकेरी पसरा किंवा टांगा. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांना एक ते दोन तास पुरतात. गुंडाळी किंवा दहा थरांची चळत तशीच ठेवली तर बाहेरचे थर वाळतात आणि मधले ओलेच राहतात. त्यासाठी ८० अंशांना रात्रभर लागते. १२० अंशांच्या वर नेऊ नका. वेळ वाचत नाही आणि तंतू तपकिरी, ठिसूळ होऊ लागतात. ओव्हन नसेल तर ६० ते ७० अंशांची, वाफ बाहेर जायला झरोका असलेली बंद पेटी १२ ते २४ तास चालते, पण वजनाची परीक्षा मग टाळता येत नाही. उघड्या कॉइलजवळ कापड टांगणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. नुसत्या उन्हात वाळवणेही पुरेसे नाही: ऊन गेले की कापड भोवतालच्या हवेइतके ओले होऊन बसते.

वाळवण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते नंतरचे. ओव्हनमधून काढलेले सुटे कापड पहिल्या वीस-तीस मिनिटांतच बरेचसे पाणी परत ओढून घेते. पुष्कळ जण वाळवतात, मग रेझिन मोजायला, साचा पुसायला, मेण लावायला जातात आणि तोवर सगळे वाया जाते. क्रम उलटा ठेवा. साचा तयार, मेण लावलेले, रेझिन तोललेले, हार्डनर वेगळ्या कपात. मगच ओव्हन उघडा. कापड जाड पॉलिथिनच्या पिशवीत सिलिका जेलसह बंद करून निववा आणि पिशवीतून एकेक थरच बाहेर काढा. थोडे कोमट कापड वापरले तर रेझिन पातळ होऊन लवकर मुरते, पण रेझिनचा कामाचा वेळही कमी होतो हे लक्षात ठेवा.

तेल आणि खळ

कापड नीट वाळवूनही रेझिन धाग्यांवर मण्यासारखे उभे राहत असेल तर कापडाचा इतिहास पाहा. तागाचे सूत कातण्याआधी तंतू मऊ करण्यासाठी तेलाचे पायस (तेल आणि पाण्याचे दुधाळ मिश्रण) देतात आणि विणण्याआधी सुताला चिंचोक्याच्या पिठाची किंवा स्टार्चची खळ लावतात. गोणपाटात ही दोन्ही असू शकतात. शिवाय तंतूंवर नैसर्गिक मेणाचा थरही असतो.

ड्रॉपरने पाण्याचा थेंब कापडावर ठेवा. काही सेकंदांत शोषला गेला तर कापड स्वच्छ आहे. अर्धा मिनिट थेंब तसाच उभा राहिला तर धुवावे लागेल: ६० ते ७० अंशांचे पाणी, लिटरमागे २ ग्रॅम साधी डिटर्जंट पावडर, अर्धा तास, मध्ये मध्ये हलवत, मग दोनदा गरम आणि दोनदा साध्या पाण्याने खळबळून काढा. कापड मऊ ठेवणारे द्रव शेवटच्या पाण्यात घालू नका. ते धाग्यावर पुन्हा मेणचट थर चढवते.

कॉस्टिकची प्रक्रिया केव्हा आणि किती

कॉस्टिक सोडा तंतूवरचे मेण, पेक्टिन आणि काही हेमिसेल्युलोज काढतो, पृष्ठभाग खरखरीत करतो आणि रेझिनला धरायला जागा मिळते. तागासाठी ५ टक्क्यांचे द्रावण, खोलीच्या तापमानाला २ ते ४ तास, हे सुरुवातीचे प्रमाण. एक किलो कोरड्या तागाला १५ लिटर द्रावण घ्या, म्हणजे ७५० ग्रॅम कॉस्टिक. काथ्यात लिग्निन तागापेक्षा कितीतरी जास्त असल्याने त्याला अधिक वेळ द्यावा लागतो. जवसाचे तंतू नाजूक. त्यांना १ ते २ टक्के आणि अर्ध्या तासापासून सुरुवात करावी.

कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडे थोडे टाका, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका. द्रावण चांगलेच तापते आणि उसळू शकते. भांडे स्टीलचे किंवा प्लॅस्टिकचे घ्या. ॲल्युमिनियमचे मुळीच नको: कॉस्टिक ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा याविना हात घालू नका.

नंतर तंतू धुवून १ टक्का ॲसेटिक आम्लाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवा आणि पीएच कागदावर ७ येईपर्यंत पुन्हा धुवा. हे टाळले तर धाग्यात राहिलेला अल्कली हवेतली ओल ओढत राहतो आणि पॉलिएस्टर रेझिनमधले एस्टर बंध तोडतो. पाटी आज ठीक दिसते, मग धाग्यांच्या कडेने पिवळट पडून कमकुवत होते.

प्रक्रिया किती झाली हे वजन सांगते. १०० ग्रॅम कोरडा ताग धुवून-वाळवून ८८ ते ९२ ग्रॅम भरला तर प्रमाण योग्य आहे. ८५ च्या खाली गेला तर तंतूच खाल्ले जात आहेत; द्रावण सौम्य करा किंवा वेळ निम्मा करा. कापड आक्रसते आणि वळते, म्हणून चौकटीवर ताणून बसवा, नाहीतर विणकाम वाकडे होऊन पुढे पाटी पिळते.

कॉस्टिकने चिकटणे सुधारते, पण तंतूची पाण्याची ओढ त्याने जात नाही. प्रक्रिया केलेला तागसुद्धा पूर्वीइतकाच काटेकोरपणे वाळवावा लागतो. हातात वेळ एकाच कामासाठी असेल, तर वाळवणे निवडा आणि कॉस्टिक सोडून द्या.

रेझिन किती, आणि कसे घालावे

कमी रेझिनने कोरडे डाग राहतात, म्हणून लोक भरमसाट ओततात. तेही चुकीचे: मग पाटी रेझिनची होते आणि नैसर्गिक तंतू वापरण्याचा हेतूच हरवतो. हिशोब सोपा आहे. तागाची घनता घनसेंटीमीटरला सुमारे १.४५ ग्रॅम. प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅमचे कापड म्हणजे ०.२१ मिलिमीटर जाडीचा भरीव तंतू. हाताने लावलेल्या पाटीत तंतूंचे आकारमान ३० टक्के धरले तर प्रत्येक थराची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर येते आणि दर चौरस मीटरला ५५० ग्रॅमच्या आसपास इपॉक्सी लागते. ३० × ३० सेंटीमीटरच्या चार थरांना १०८ ग्रॅम कापड आणि २०० ग्रॅम रेझिन. ब्रश-रोलरला लागणारे धरून २३० ग्रॅम तयार करा. चार थरांची पाटी २.८ मिलिमीटरच्या आसपास आली पाहिजे. ३.५ भरली तर रेझिन जास्त किंवा आत हवा आहे.

ओतायची रीत जाडीपेक्षाही महत्त्वाची. आधी साच्यावर रेझिन पसरा, त्यावर कापड ठेवा आणि ते खालून वर चढू द्या. वरून ओतले की सुतातली हवा आत कोंडली जाते. तागाच्या सुताला पीळ असतो, पिळाच्या गाभ्यापर्यंत रेझिन जायला दोन-तीन मिनिटे लागतात. कापड सगळीकडे सारखे गडद झाले म्हणजे ते पोहोचले. फिकट ठिपके राहिले तर थांबा, ब्रशच्या टोकाने टोचा, मग रोलर मधून कडेकडे फिरवा. तंतूच्या आतल्या पोकळ नळीत थोडी हवा राहतेच. ती शून्य करण्याचा आटापिटा करू नये.

रेझिन पातळ करायला ॲसिटोन घालू नका. ते सुतात अडकते, नंतर बाहेर पडताना तसेच फोड आणते आणि पाटी पाण्याच्या दोषासारखीच दिसते. रेझिन घट्ट वाटत असेल तर खोली २५ ते ३० अंशांवर आणा.

एक थर घट्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुढचा लावायचा असेल तर इपॉक्सीवर आलेली मेणचट साय कोमट पाण्याने आणि घासणीने धुवा, कोरडी करा आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. अमाइन हार्डनर हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावल्याने ही साय येते. तिच्यावर लावलेला थर सुटणारच.

चिकटपणाबद्दल: इपॉक्सीत हार्डनर जास्त घालून पाटी लवकर कडक होत नाही. उरलेला हार्डनर आत मऊपणा ठेवतो आणि पाणी ओढतो. उत्पादकाने दिलेले वजनी प्रमाण काट्यावरच पाळा. पॉलिएस्टरला हार्डनर म्हणून मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड १ ते २ टक्के पुरते. कोबाल्टचा प्रवेगक आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच पेरॉक्साइड घाला. ही दोन द्रव्ये एकमेकांत थेट मिसळली तर स्फोट होऊ शकतो, म्हणून एकच चमचा दोन्हींना वापरू नका. पॉलिएस्टरची फक्त वरची त्वचा चिकट आणि आतला भाग कडक असेल तर तो हवेच्या संपर्काचा परिणाम आहे. वर पॉलिएस्टरची फिल्म अंथरली की थांबतो. आतपर्यंत मऊ असेल तर तंतूंच्या ओलीकडे परत जा.

व्हॅक्यूम बॅगेत बुडबुडे थांबत नाहीत

इथे गळती आणि ओल यांची गल्लत नेहमी होते. २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३२ मिलिबार, ३० अंशांना ४२. बॅगेतला निरपेक्ष दाब (पूर्ण निर्वात म्हणजे शून्य धरून मोजलेला) याखाली गेला की तंतूतले पाणी अक्षरशः उकळते. रेझिन सोडण्याआधी पंपाची झडप बंद करून १५ मिनिटे दाब लिहा. गळती असेल तर तो एकसारख्या वेगाने वाढत राहतो. ओल असेल तर आधी भराभर वाढतो आणि बाष्पदाबाकडे जाताना मंदावतो. पंपाचे तेल दुधाळ झाले असेल तर पुरावा पक्का.

उपाय म्हणजे कोरडे कापड बॅगेत बंद केल्यावर ५० ते ६० अंशांना काही तास पंप चालू ठेवणे. रेझिन सगळीकडे भरल्यावर दाब १०० ते १५० मिलिबारवर धरा. पूर्ण व्हॅक्यूमचा हट्ट सोडला की राहिलेले थोडे पाणी उकळत नाही.

गरम दाबाने केलेली पाटी

ताग आणि पॉलिप्रॉपिलीन (गरम केल्यावर वितळणारे प्लॅस्टिक) यांच्या गादीला १८० ते १९० अंश पुरे. २०० च्या वर हेमिसेल्युलोज विघटित होते, करपट वास येतो, पाटी काळवंडते. दाब दिल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रेस दोन-तीनदा क्षणभर उघडून वाफ सोडा आणि ८० अंशांखाली येईपर्यंत दाबाखालीच निववा. गरमच काढलेली पाटी फुगते आणि तिला दोष ओलीचा लावला जातो. साधे पॉलिप्रॉपिलीन तंतूला धरत नाही. त्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन मिसळावे लागते.

पॉलिलॅक्टिक आम्लाच्या प्लॅस्टिकमध्ये दोष लपून राहतो. गरम वितळात पाणी त्याच्या साखळ्या तोडते. फोड येत नाहीत, पाटी सुंदर दिसते आणि हाताने वाकवताच काडकन मोडते. दाणे ८० अंशांच्या कोरड्या हवेत चार-सहा तास आणि तंतू वेगळे वाळवा.

कडा आणि भोके

कापलेल्या कडेवर हजारो तंतूंची तोंडे उघडी असतात. पाणी त्यांतून केशाकर्षणाने आत जाते, तंतू फुगतो, रेझिनला ढकलतो. वाळल्यावर तंतू आक्रसतो आणि त्याच्याभोवती फट राहते. पांढऱ्या रेषा म्हणजे या फटींवरून विखुरलेला प्रकाश. प्रत्येक ओल-वाळ फेऱ्यात फट लांबते.

पाटी कापून, भोके पाडून झाल्यावर ६० अंशांना सहा-आठ तास वाळवा आणि मग कडांना व भोकांच्या आतून शुद्ध इपॉक्सीचे दोन हात द्या. दुसरा हात पहिला चिकट असतानाच. स्क्रू बसवताना भोक मोठे पाडून इपॉक्सीने भरा आणि त्यात पुन्हा लहान भोक पाडा. वरच्या-खालच्या बाजूला ०.३ ते ०.५ मिलिमीटर जेलकोट (तंतू नसलेला रेझिनचा बाहेरचा थर) असावा. उठून राहिलेला एकही धागा वातीसारखा पाणी ओढतो, म्हणून घासल्यावर उघडे पडलेले धागे पुन्हा झाका.

खात्रीसाठी ५ × ५ सेंटीमीटरचे दोन तुकडे घ्या, एकाच्या कडा बंद, एकाच्या उघड्या. वाळवून तोला, जाडी मोजा, चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा मोजा. दोन्ही सारखेच फुगले तर पाणी पृष्ठभागातून जाते आहे, जेलकोट पातळ आहे. फक्त उघड्या कडांचा फुगला तर तुमचा पृष्ठभाग चांगला आहे.

बिघडलेली पाटी वाचवायची असेल तर

फोडाच्या दोन्ही टोकांना २ मिलिमीटरची भोके पाडा. पाटी ५० ते ६० अंशांना, वजन स्थिर होईपर्यंत, वाळवा. याला दोन-तीन दिवसही लागतात. सिरिंजने एका भोकातून पातळ इपॉक्सी भरा, दुसऱ्यातून बुडबुड्यांविना बाहेर येईपर्यंत. वर पॉलिथिन ठेवून सपाट वजन ठेवा. दुसऱ्या दिवशी टकटक करून आवाज तपासा. बद्द जागा एकूण क्षेत्राच्या चौथ्या हिश्शाहून जास्त असतील किंवा फोड उघडल्यावर आत काळपट डाग आणि कुबट वास असेल, तर इपॉक्सी भरण्याचा नाद सोडा. काळपट डाग आणि कुबट वास म्हणजे बुरशीने तंतू खाल्ले आहेत आणि इपॉक्सीला धरायला तिथे काही उरलेले नाही. तेवढा भाग कापून काढा. चांगला भाग लहान तुकड्यांसाठी वापरता येतो, कडा मात्र पुन्हा बंद करा.